सूज नव्हती, तरी दुखत होतं

इंदापुरात आमचं बांगड्यांचं छोटं दुकान आहे. खरं तर ते माझ्या सासूबाईंचं. मी त्यांना अम्मा म्हणते. पाठीवर गाठोडं घेऊन त्यांनी कित्येक वर्षं गावोगाव बांगड्या भरल्या आणि मग बाजारात ही जागा घेतली. मी पणदऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा मला बांगडी भरता येत नव्हती. अम्मांनीच शिकवलं. समोरच्या बाईची बोटं कशी जुळवायची, अंगठा तळहातात कसा दाबायचा, तिला बोलण्यात गुंतवून बांगडी हाडावरून कशी उतरवायची. माझे मिस्टर युनूस लोणी देवकरला एका कंपनीत शिफ्टने कामाला जातात, त्यामुळे दुकान आम्हा सासू-सुनेवरच चालतं.

मला आमवात आहे आणि फायब्रोमायल्जियाही आहे. हे वाक्य आता मी सहज लिहिते, पण ते समजायला मला पाच वर्षं लागली आणि मधे माझ्याकडून एक मोठी चूक झाली. आमवाताची औषधं चालू आहेत, रिपोर्ट बरे येतात आणि तरीही अंग ठणकतंय, अशा बायका-पुरुषांसाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्यावर जे आलं तेवढंच सांगते.

०

आजार कळला तो एका लग्नामुळे. सणसरला लग्नघरी चुडा भरायचा होता. नवरीचा हात हातात घेतला, बांगडी लावली, अंगठ्याच्या हाडाशी दाबायला गेले तर माझ्या बोटांत जोरच आला नाही. बांगडी वेडीवाकडी दाबली गेली आणि फुटली. काच नवरीच्या हाताला लागली. रक्त थोडंच आलं, पण चुड्याच्या वेळी असं झालं म्हटल्यावर घरातल्या बायकांना तो अपशकुन वाटला. बांगडी 'फुटली' म्हणायचं नसतं, म्हणून नवरीची आत्या सावरून म्हणाली, "वाढली, वाढली. दुसरी घ्या." पुढचा सगळा चुडा अम्मांनी भरला. मी कोपऱ्यात बसून बांगड्या मोजून देत होते.

घरी आल्यावर अम्मांनी माझे हात पुढं करायला लावले. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं गरम होती, फुगली होती. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, धुणं पिळता येत नाही, हे मी दोन महिने लपवलं होतं. अम्मांनी विचारलं, मला का नाही सांगितलं. मी म्हणाले, दुकान कोण बघणार.

बारामतीला डॉक्टरांकडे गेलो. सरांनी एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, आमवात आहे, हा मुळातून जात नाही पण औषधाने आटोक्यात राहतो. युनूसनी बरेच प्रश्न विचारले. मी एकच विचारला, बांगड्या भरता येतील का. सर म्हणाले, औषध नियमित घेतलं तर येतील.

सरांचं खरं झालं. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्या रविवारी घ्यायची, त्यामुळे सोमवार मळमळीत जायचा. केसही गळाले. माझी मुलगी आफ्रीन तेव्हा आठवीत होती, ती माझी वेणी घालायची आणि कंगव्यातले केस मला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवायची. पण वर्षाच्या आत सूज उतरली. पुढची दोन वर्षं मी इतक्या बांगड्या भरल्या की मधूनमधून आजार विसरायलाच व्हायचं.

०

मग दुखणं परत आलं, पण वेगळं. आधी मान आणि खांदे. मग पाठ, कंबर, मांड्या, दंड. सगळं अंग कुणी मुसळाने कुटून ठेवल्यासारखं. झोपून उठले तरी न झोपल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाइकाने दोन-सहाच्या मापाची बांगडी मागितली की मी कपाटापाशी जायची आणि काय घ्यायला आले तेच विसरायची. आफ्रीन लाडाने गळ्यात पडली तरी मी कळवळायची. पुढं पुढं ती लांबूनच बोलायला लागली.

दवाखान्यात दर वेळी मोजमाप व्हायचं. ते कसं असतं ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. खांदे, कोपर, मनगटं, बोटं, गुडघे असे अठ्ठावीस सांधे दाबतात. त्यातले किती दुखतात ते आपण सांगायचं. किती सुजलेत ते डॉक्टर बघतात. रक्तातली सूज तपासतात. आणि एका कागदावर शून्यापासून शंभरपर्यंत एक रेघ असते, आपली तब्येत एकंदर किती वाईट आहे त्याची खूण आपण त्या रेघेवर करायची. हे सगळं मिळून कॉम्प्युटर एक आकडा काढतो. आकडा मोठा म्हणजे आमवात जोरात.

मला कुठंही दाबलं तरी दुखायचं. रेघेवर मी ऐंशीच्या पुढं खूण करायची. आकडा पाचाच्या वरच यायचा, म्हणजे आमवात फार जोरात. मग गोळ्या वाढल्या. त्यात दुसऱ्या गोळ्यांची भर पडली. मग स्टेरॉइड. तोंड सुजलं, पोटात जळजळ, पण दुखणं होतं तिथंच. सर चांगले माणूस होते, गर्दीतसुद्धा नीट बोलायचे. त्यांच्यापुढं आकडा होता आणि त्याप्रमाणे ते औषध वाढवत होते. मी त्यांना दोष देत नाही.

शेवटी ते म्हणाले, आता इंजेक्शन सुरू करावं लागेल. मोठं औषध आहे, त्याने शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होते, जुना टीबी असेल तर वर येऊ शकतो. मी युनूसकडे पाहिलं. मला लहानपणी पणदऱ्याला असताना टीबी झाला होता. माझं ताट-वाटी वेगळं ठेवलेलं मला आठवत होतं. घरी आल्यावर मी आफ्रीनकडे बघत राहिले. ती माझ्याच शेजारी झोपायची.

०

इंजेक्शनच्या आधी सरांनी मला सांध्यांच्या खास डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. त्या महिन्यातून दोनदा बारामतीला यायच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आधी आपले हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि मग सांधे दाबले. वीसेक सांधे दुखले. मग त्यांनी जिथं सांधा नाही तिथंही दाबलं, दंडाच्या मांसावर, मांडीवर, मानेच्या मागं. तिथंही मी ओरडलेच. त्यांनी झोपेचं विचारलं, थकव्याचं विचारलं, विसरण्याचं विचारलं. हे आधी कुणी विचारलं नव्हतं. मग हातांची सोनोग्राफी केली. पडदा सगळा करडा-काळा. मॅडम म्हणाल्या, आत सूज असती तर इथं लाल-केशरी ठिपके चमकले असते.

त्यांनी मला तो आकडा फोडून सांगितला. त्यात चार गोष्टी असतात. दोन माझ्याकडच्या, म्हणजे किती सांधे दुखतात आणि रेघेवर कुठं खूण केली. दोन बाहेरच्या, म्हणजे डॉक्टरला दिसणारी सूज आणि रक्त. माझ्या आकड्यातल्या बाहेरच्या दोन्ही गोष्टी जवळजवळ काहीच नव्हत्या. सगळा आकडा माझ्या बाजूनेच फुगला होता.

"तुमच्या सांध्यात आत्ता काही नाही," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनची गरज नाही."

पुढं त्या बरंच बोलल्या. फायब्रोमायल्जिया हे नाव सांगितलं, आमवाताच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणाल्या, संध्याकाळी घ्यायची एक बारीक गोळी लिहून दिली, चालायला सांगितलं. पण मी 'काही नाही' या शब्दांपाशीच थांबले होते. सगळा आकडा माझ्या बाजूनेच फुगलाय, म्हणजे मी फुगवलाय, असंच मला ऐकू आलं.

युनूसनाही तेवढंच ऐकू आलं होतं. त्यांचा मात्र जीव भांड्यात पडला. एसटीत ते दोनदा म्हणाले, "बरं झालं बाई, काय न्हाय निघालं." घरी अम्मांनी विचारलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, काही नाही निघालं. अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षं त्या दुकान उघडत होत्या, कणीक मळत होत्या, त्यांच्याही गुडघ्यांचं वय झालं होतं. त्या म्हणाल्या, "काय न्हाय, तर मग इतकं दिस पडून का ऱ्हायली?"

मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या माणसाने ती बारीक गोळी देताना सहज सांगितलं की ही डिप्रेशनला देतात. मग माझी खात्रीच झाली की मॅडमनी मला वेडी ठरवलं.

०

आता माझी चूक. मी ती बारीक गोळी घेतली नाही, आणि रविवारच्या गोळ्याही बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. रविवार आला की डबी उघडायची, गोळ्या काढायची आणि मोरीत टाकायची. काही नाही ना, मग औषध कशाला, असा राग होता. राग युनूसवर होता, अम्मांवर होता, मॅडमवर होता, आणि भोगायचं मात्र माझ्या हातांना होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

सातव्या-आठव्या आठवड्यात एका सकाळी डावी मूठ वळेना. चार दिवसांत दोन्ही मनगटं टम्म फुगली. आणि मला लगेच कळलं की हे दुखणं वेगळं आहे. एवढी वर्षं सगळं एकच वाटायचं. आता शेजारी शेजारी ठेवल्यासारखा फरक दिसत होता. दुसरं दुखणं सगळ्या अंगात पसरलेलं, आज खांद्यात तर उद्या मांडीत. हे एका जागी बसलेलं, गरम, सकाळी लाकडासारखं कडक, आणि हात लावला तर आत लिबलिबीत काहीतरी.

हातातल्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. अम्मांनी साबण लावला, तेल लावलं. बायकांच्या कितीही घट्ट बांगड्या उतरवणाऱ्या अम्मा, पण माझी एकही उतरेना. शेवटी त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, खाली रुमाल ठेवला आणि एकेक बांगडी चिमट्याने वाढवली. डाव्या हातातल्या सहा, उजव्या हातातल्या सहा. त्यांचा मुलगा कामावर गेलेला, धडधाकट, आणि सुनेचे हात त्यांना मोकळे करावे लागत होते. काच त्यांनी रुमालात गोळा केली.

तेव्हा मी सांगून टाकलं की गोळ्या मोरीत टाकल्या.

मला वाटलं त्या बोलतील. त्या रुमालाची गाठ मारत म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्यासंगं."

०

मॅडम यायचा वार चार दिवसांनी होता. दुसऱ्या दिवशी अम्मांबरोबर सरांकडे गेले, त्यांनी तोवरचं तात्पुरतं औषध दिलं. मॅडमच्या वारी अम्मा आणि मी परत एसटीने निघालो. सणसरपाशी उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता, अर्धा तास गाडी हलली नाही. अम्मा खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण माझा हात त्यांनी आपल्या पदरावर ठेवून घेतला होता, धक्का लागू नये म्हणून.

मॅडमना मी खरं सांगितलं. सांगताना रडू आलं, आणि रडतच विचारलं की तुम्ही मला खोटी का म्हणालात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी तसं म्हणाले नव्हते, पण तुम्हाला तसं ऐकू आलं यात माझीही चूक आहे. सांध्यात सूज नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. 'काही नाही' म्हणायला नको होतं."

माझ्याशी कुठल्या डॉक्टरने असं बोललेलं मला आठवत नाही.

मग सोनोग्राफी झाली. या वेळी मनगटाच्या चित्रात लाल-केशरी ठिपके भरले होते, चुलीत निखारे फुलतात तसे. मॅडमनी आधीचं चित्र काढून त्याच्या शेजारी लावलं. एक काळं, एक पेटलेलं. अम्मा बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "डाक्टरीनबाई, हे दुखतंय ते दिसतंय. मग आधी दुखत होतं म्हणायची ती, ते खोटं होतं व्हय?"

हा प्रश्न मी स्वतः कधी विचारू शकले नव्हते.

"नाही आई," मॅडम म्हणाल्या. "तेही खरंच होतं. या मशीनला ते दिसत नाही, एवढंच. यांना आजार दोन आहेत. एक सांध्यांचा, तो सूज आणतो, त्याला या गोळ्या लागतात. दुसरा दुखणं जाणवण्याचा. त्यात नसा साध्या दाबालाही दुखणं समजतात. तो या गोळ्यांनी, इंजेक्शनने जात नाही, त्याचा इलाज वेगळा. आमच्या आकड्याला दोघांतला फरक कळत नाही. तो आम्हाला करावा लागतो."

बारीक गोळीचंही त्यांनी सांगितलं. जास्त प्रमाणात ती मनाच्या आजाराला देतात, थोड्या प्रमाणात झोपेला आणि नसांच्या दुखण्याला. अम्मांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, नीट पाठ व्हावं म्हणून. मी ती घ्यायला लागले, आणि रविवारच्या गोळ्याही परत सुरू केल्या.

तेव्हापासून मॅडम माझ्याकडून रेघेवर दोन खुणा करून घेतात. एक फक्त सांध्यांची. एक सगळ्या अंगाची. आकडा निघतो तो निघतो, पण औषध वाढवायच्या आधी त्या सूज बघतात, रक्त बघतात, शंका असली तर मशीन लावतात.

०

या आजारपणातली एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. लिहिते.

हात सुजले होते ते दोन महिने घरात मला फुलासारखं जपलं. युनूस शिफ्टवरून येऊन भांडी घासायचे. आफ्रीन घास भरवायची. बाजारातल्या बायका हात बघायच्या आणि हळहळायच्या. गोळ्या लागू पडल्या, सूज उतरली, आणि माया पण थोडी थोडी उतरली. कुणी वाईट वागलं नाही. फक्त भांडी परत माझ्याकडे आली. मला तर कधी कधी सूज बरी होती असं वाटायचं, आणि असं वाटल्याची लाज वाटायची. दुसरं दुखणं होतंच, रोज होतं, पण दाखवायला काही नव्हतं.

एकदा मी युनूसना हे बोलले. ते वादात पडणारे नाहीत. म्हणाले की मला कळत न्हाय तुला कवा दुखतं, तू सांगत जा. मी म्हणाले, सांगून विश्वास बसेल का. ते म्हणाले, बसवीन. दुसऱ्या दिवसापासून सकाळची शिफ्ट नसेल तेव्हा ते माझ्याबरोबर कालव्याच्या कडेने चालायला यायला लागले. पहिल्या आठवड्यात मी दहा मिनिटांत परत फिरायची. दुसऱ्या दिवशी जास्तच दुखायचं. मॅडमनी सांगितलं होतं, हळूहळू वाढवा, पण सोडू नका. आता अर्धा-पाऊण तास चालते. झोप पूर्वीपेक्षा बरी लागते. खांदे अजून दुखतात. कपाटापाशी जाऊन माप विसरते, ते अजून होतं.

आजारी माणसांना माझं सांगणं थोडंच आहे. रागाच्या भरात गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारा की माझा आकडा कशामुळं वाढला, दुखण्यामुळं की सुजेमुळं. विचारायला लाजू नका, आणि उत्तर ऐकून लगेच कोसळूही नका. शक्य असेल तर घरातलं एक माणूस बरोबर न्या, ज्याला आपल्याबद्दल शंका आहे असं माणूस. मी अम्मांना नेलं हे माझं नशीब.

०

मागच्या महिन्यात तपासणी झाली. सूज शून्य. रक्त चांगलं. मॅडमनी आमवाताची एक गोळी कमी केली. घरी सगळे खूश झाले, आफ्रीनने येताना पेढे आणले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला उठवेना. मान, पाठ, मांड्या, सगळं एकदम. दुकानात सणाचा माल येऊन पडला होता, डबे फोडायचे होते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अम्मांच्या पावलांचा आवाज ऐकला आणि जीव आकसला. परवाच रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे खाल्ले होते, आता काय सांगायचं.

अम्मा माझ्या उशाशी बसल्या. माझे हात त्यांनी पांघरुणातून बाहेर काढले नाहीत, बघितलेही नाहीत.

"आज कोणतं?" त्यांनी विचारलं. "पहिलं का दुसरं?"

"दुसरं," मी म्हणाले.

"बरं. पड मग," अम्मा म्हणाल्या, आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन गेल्या.